क्रमांक एक्केचाळीस

खुर्चीत बसा. मनगट धरायचं नाही.
छातीवर हात ठेवायचा नाही.
मी 'सुरू' म्हणेन, मग 'थांबा' म्हणेन,
मधले ठोके आतल्या आत मोजा.

सव्वीस वर्षं हेच बोलत आले
कॅनडा कॉर्नरच्या मागे, दवाखान्याच्या तळमजल्यावर,
जिथे एसीचं पाणी बादलीत पडतं
आणि कॉलेजच्या पोरांना वाटतं, हाच आपला ठोका.

नोट प्रेसमधले आले, रिकाम्या हवेवर अंगठा फिरवत.
ओझरचे फिटर आले.
द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या बायका आल्या
शंभर रुपये आणि चहा, या बोलीवर.
भीती वाटते तेव्हा नेमकं कुठे वाटते?
माझ्या कागदावर पाच चौकोन.
त्यांच्याकडे पोटातला गोळा, घशातला आवंढा,
तळपायातून निघून मस्तकात पोचलेली आग.
पिंपळगावच्या शेवंताबाई गांगुर्डे म्हणाल्या,
"धस्स होतं ना ताई, ते चौकोनात न्हाई बसत."
मी समासात लिहिलं: धस्स. बेंबीच्या चार बोटं वर.
पुढे स्कॅनमध्ये, मेंदूच्या एका दुमडलेल्या घडीत
तांदळाएवढा ठिपका उजळला.
मी पेपर लिहिला.
'धस्स' परीक्षकांनी काढायला लावलं.

एका दिवाळीच्या सुट्टीत कोणीच येईना
म्हणून दादांना बसवलं.
तांबट आळीत पन्नास वर्षं हंडे मठारलेला माणूस,
कान केव्हाच गेलेले.
'सुरू' ऐकू जाईना,
तेव्हा गुडघ्यावर टिचकी मारली.
ते म्हणाले, सत्तावन्न.
यंत्र म्हणालं, सत्तावन्न.
पुन्हा टिचकी. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस.
मी वायरी तपासल्या. पुंडलिकला पळवून
वरच्या मजल्यावरून दुसरं यंत्र आणवलं.
तेही फितूर.

कसं मोजलंत? मी पाटीवर लिहिलं.
दादांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं,
हंडा धरून धरून वाकलेल्या बोटांकडे.
"हात पडायच्या आधी भांडं फिरायला पाहिजे.
नाहीतर दोन घाव एका जागी बसतात,
भोक पडतं."
एवढंच. मग चहाचं विचारलं.

अभ्यासाची वयोमर्यादा साठ. त्यांचं वय सदुसष्ट.
क्रमांक एक्केचाळीस: वगळला.
छापील तक्त्यात चाळीसनंतर बेचाळीस येतो,
आजवर कोणी विचारलेलं नाही.

माझा आकडा तर कुठेच नाही.
बहात्तर पडतात, मी तीस मोजते.
हाच विषय का निवडलात, असं मुलाखतीत विचारतात
तेव्हा मी मन, शरीर, दुवा
असं काहीतरी सांगून पाणी पिते.

दादा गेले तेव्हा मी पुण्यात, व्यासपीठावर,
बाविसाव्या स्लाइडवर.
फोन खिशात थरथरला. नाव दिसलं. कळलं.
पोटात काही झालं नाही.
चष्मा पुसला, तेविसावी स्लाइड लावली,
तिच्यावर दुःखात हृदयगती कशी बदलते
याचा आलेख होता.
घरचे म्हणाले, धीराची आहे.
मला वाटलं, नादुरुस्त आहे.

तेराव्याची भांडी आणायला गेले, भांडी बाजारात.
आतल्या बोळात कोणीतरी तांब्यावर घाव घातला,
एकच,
आणि माझ्या पायाची बोटं
आपसूक आवळली गेली,
इतकी, की चपलेचा अंगठा तुटला.
अनवाणी उभी राहिले.
मागच्या रिक्षावाल्याने बराच हॉर्न वाजवला.

ते कुठल्या चौकोनात लिहायचं, मला माहीत नाही.

आज शेवटचा दिवस. शाल मिळाली, नारळ मिळाला.
यंत्र उद्या स्टोअरला जाईल.
पुंडलिक विचारतो, "इलेक्ट्रोड धुवून ठेवू?"
"ठेव. त्याआधी मला लाव."
मी खुर्चीत बसते. चपला काढते.
"आता म्हण."
"काय म्हणू, मॅडम?"
"सव्वीस वर्षं ऐकतोयस ना?"
तो घसा साफ करतो. हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवतो.
"सुरू."

"थांब," मी म्हणते,
"आधी तो एसी बंद कर."