दमसास

बाई काहीच बोलल्या नाहीत.
फक्त एका गुरुवारी वरचा सा मला सोपा गेला,
शेजाऱ्यानं अर्ध्या जिन्यात येऊन
सामान हातात घ्यावं तसा.
मी खूश.
घरी जाताना शीतलादेवीच्या सिग्नलला
एक जास्तीची पेटवली.

फोडलं ते पेटीवाल्या रत्नाकर पेडामकरनं.
"तू काळी दोनचा ना रे?
बाईंनी तुला गेल्या गणपतीपासून पांढरी दोनवर आणलंय.
आणि आता तर काळी एक..."
मग त्यालाच कसंतरी झालं, त्यानं भाता मिटला.

अर्धा सूर. वर्षाच्या आत आणखी अर्धा.
वत्सलाबाई केंकरे, वय एकोणऐंशी,
मी माहीमला पोचायच्या आत खुंट्या सैल करून ठेवायच्या,
दात नसलेल्या माणसासाठी
आधीच भाकरी कुस्करून ठेवावी तशा.
मी जेवत होतो. मला कळलंही नव्हतं.

कारण मात्र ठाऊक होतं.
कस्टम हाउसच्या मागे रामअवधची टपरी,
तिच्या खांबाला टांगलेला सुंभ,
टोकाशी दिवसभर लाल,
विझत नाही, धड पेटतही नाही.
तेवीस वर्षं मी त्याच्यापुढे मान तिरकी करून वाकलो,
कुठल्या देवापुढे वाकलो नसेन इतका.
"एक सुट्टी," म्हणायचो.
रोज सुट्टी घेऊन काही सुटलं नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
घशात दुर्बीण घालून डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं:
स्वरतंतू, कडांना जाड, लालसर.
दोन छोटे सुंभच.

मग सोडली.
एकदा नाही, रोज सोडली, काही दिवस तर तासातासाला.
चारच्या चहाला हात खिशात जायचा,
तिथे ज्येष्ठमधाची काडी.
ती दोन बोटांत धरून आयातीची कागदपत्रं तपासायचो
आणि मधूनच झटकायचो
नसलेली राख.
दहाव्या दिवशी बायकोवर ओरडलो, आमटीत मीठ फार म्हणून.
मीठ रोजचंच होतं.
जीभ परत आली होती.
सकाळी बेसिनपाशी खाकरताना
तेवीस वर्षांतली कुठली कुठली दुपार सुटून पडायची,
तपकिरी.
नळ सोडून उभा राहायचो.

रामअवध म्हणाला, "साहेब, आजकल दिखत नाय."
एक लवंग दिली. पैसे घेईना.
तिच्या तिखटानं डोळ्यांत पाणी आलं
आणि ते लवंगेमुळेच होतं असं मी ठरवलं.

दम म्हणजे ओढायचा, एवढंच मला माहीत होतं.
बाई म्हणायच्या, पुरवायचा.
रियाजाला घड्याळ लावलं: एका श्वासात सा,
आधी नऊ सेकंद, मग अकरा,
मग पुन्हा नऊ,
चाळीतल्या मुलानं खालून विचारलं, काका, शंख आणलात का?

अकरा महिन्यांनी धीर केला.
"बाई, आता पट्टी चढवायची?"
बाहेर पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याची टींटीं चाललेली.
ती संपेपर्यंत बाई गप्प.
"गेलं ते गेलं. काळी एक वाईट नाही रे.
तिथेही माणसं राहतात."
मग दोन्ही हात पुढे केले,
सांध्यांवर आल्याच्या गड्ड्यासारख्या गाठी.
"खुंट्या आता माझ्याच्यानं फिरत नाहीत.
याच्याखाली उतरायचं झालं
तर तुझं तूच उतर."

तंबोरा माझ्याकडे सरकवला.
पहिल्यांदाच मी लावला, कान तुंब्याला लावून,
बराच वेळ,
त्यांनी घाई केली नाही.
मग खर्ज.
मध्येच आवाज खरवडला.
थांबलो. थुंकी गिळली.
पुन्हा लावला.