घराच्या मागं दुखते

दर मंगळवारी मी मोजते.
दंडाला पट्टा, बोटाला सुई, काट्यावर पाय.
कौतिकाबाई डोमाजी नाकाडे,
आधारकार्डावर अडुसष्ट, तिच्या हिशेबानं चौऱ्याहत्तर.
चपला काढा म्हटलं की म्हणायची,
"चपलेचंई वजन माझंच हाय, नर्सबाई."

माघात त्रेचाळीस किलो.
चैत्रात एकोणचाळीस.
धानाचे पऱ्हे टाकायच्या दिवसांत सदतीस,
आणि चपला पायातच राहिल्या, तरी
ती काही बोलली नाही.

गुडघ्यातली कळ कंबरेत गेली,
कंबरेतली पाठीत,
पाठीतून कुठं गेली ते तिलाच सांगता येईना.
"दुखते कुठी, आजी?"
"घराच्या मांगं दुखते."
मी पुतण्याकडे पाहिलं. त्यानं डोक्याशी बोट फिरवलं.

लाखांदूरला नेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो.
सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, वयोमान.
ज्या डब्यात काय आहे ते ठाऊक नाही
त्याचं हे झाकण.

मग एकदा आशाताई पुष्पकला
गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता म्हणाली,
"घरामांगं चिंच हाय ना तिच्या."
चिंच बरोबर धुऱ्यावर.
अलीकडे कौतिका, पलीकडे भागरथा.
एक्केचाळीस वर्षं,
राखुंडी तोंडात असतानाच सुरुवात:
पाला कोणाच्या अंगणात, बकरी कोणाची,
कोणाच्या सासऱ्यानं रोप लावलं.
दोघींची पोरं मोठी झाली, बाहेर गेली,
दोघींचे नवरे गेले,
भांडण मात्र एक दिवस नागा नाही.

शिवरात्रीला भागरथा गेली.
कौतिका मातीला गेली नाही, दहाव्याला नाही.
दाराच्या आत उभी राहिली, म्हणतात,
आणि दुसऱ्या दिवशी पलीकडचंही अंगण झाडलं.
त्या साली चिंचा कोणीच झोडल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी पट्टा गुंडाळताना
मी नुसतं नाव घेतलं भागरथाचं.
दंड माझ्या हातात होता; तो थरथरला.
"शिवी तोंडात येते, माय,
अन् तोंडातच राह्यते.
मंग भात जाईन कुठून?"

रजिस्टरला सात रकाने आहेत.
त्यातला एकही या वाक्याच्या मापाचा नाही.
लोहाच्या गोळ्या लिहिल्या.

पोळ्याच्या आठवड्यात
बुटीबोरीची कंपनी बंद पडून
भागरथाची नातसून लेकरू घेऊन परत आली,
आणि दोरी बांधायला आड येते म्हणून
चिंचेची एक फांदी तोडली तिनं.

त्या मंगळवारी कुलूप उघडायच्या आधीच
कौतिकाबाई पायरीवर. डोक्याला तेल.
"माझ्याकडची फांदी, नर्सबाई! माझ्याकडची!
अन् वर मलेच म्हणते,
बुढे, झाड का तुह्या बापाचं हाय?"
पट्टा फुगला. एकशेपन्नासावर नव्वद.
डॉक्टर म्हणतील, चढलं.
चढू दे.

"आणि गुडघा?"
तिनं गुडघ्याकडे पाहिलं,
पाहुणा अजून गेला नाही का, अशा नजरेनं.
मग चपला काढून काट्यावर चढली.
साडेअडतीस.
उतरली नाही लगेच. काटा स्थिर झाला तरी उभी.
"आवाज तिचाच हाय पोरीचा," म्हणाली,
"भागरथीचा. पुरा नाई. पन हाय."

संध्याकाळी आरमोरीला बाबांना फोन लावला.
ते नेहमीसारखं म्हणाले, बरा हावो.
गोळ्या घेतो. भूक नाई, पन बरा हावो.
मी विचारलं, बाबा,
अलीकडे कोणाशी भांडलात?

पलीकडून बराच वेळ
नुसता पंखा ऐकू येत राहिला.