शाईनं लिहिलेले

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे पाचला
असोळण्यात दोनच दिवे:
पोदेराच्या भट्टीवर, आणि रोमाल्दबाबकडे.
तिकडे अमेरिकेत अजून रविवारची संध्याकाळ,
मोसमातला शेवटचा सामना.
मी त्यांचा भाडेकरू, बँकेत कारकून,
आकडे कळतात म्हणून मला उठवतात.

सत्तावीस वर्षं बोटीवर कांदे चिरले त्यांनी.
वही तिथलीच, कडांना तेल प्यायलेली:
साल, संघ, गुण.
जिंकलेले पेन्सिलीनं,
हरलेले शाईनं.
"जिंकलेल्यांचं कुणीही लिहितं रे."
बहात्तरचा मायामी, एकही सामना न हरलेला,
आता दिव्याखाली धरला तरच दिसतो.

एक्क्याण्णव. वीस–एकोणीस.
आठ सेकंद उरलेले, आणि लाथेनं उडवलेला चेंडू
खांबांच्या उजवीकडून
गेला तो गेलाच.
बफेलो.
पुढच्या तिन्ही ओळींत पुन्हा बफेलो, गडद निळा.
चौथ्याच्या शेजारी बारीक अक्षरात:
कार्निव्हालची रजा नाकारली. मलाही चौथ्यांदा.

मी एकदा म्हटलं, बेरीज करू या का?
त्यांनी वही मिटली.
बेरीज तुझ्या बँकेत.

नऊ वाजत येतात. मला उशीर झालेला.
पोदेर दुसऱ्या फेरीला भोंगा वाजवत येतो,
सायकल माडाला टेकवतो,
चार पाव मोजून देतो आणि दरवर्षीसारखं विचारतो,
"कोण हारलो?"

रोमाल्दबाब पेन झटकतात.
वरच्या पावावर निळा ठिपका.

तो मी घेतो.