फुगवून दाखवा

नांदेडला, वजिराबादच्या मागच्या गल्लीत
मुजीबभाईंनी काउंटरवर दोन जाकिटं ठेवली.
एक दोरीचं. एक बिनदोरीचं.

बिनदोरीच्यात म्हणे मेंदू असतो.
आपण पडतोय हे आपल्याआधी त्याला कळतं.
फक्त रोज रात्री चार्जिंगला लावायचा.
मी म्हणाले, आमच्या वसमतला लाइट
सांगून जात नाही हो.
सकाळी मेंदूला जागच आली नाही तर?

दोरीच्यात काही नाही.
एक टोक छातीशी, एक सीटखाली चेसिसला.
गाडी इकडं अन् माणूस तिकडं झालं
की दोरी खटका ओढते, गॅसची नळी फुटते,
हवा भरते.
कासऱ्याइतकं सोपं.

मी रक्त वाहते.
म्हणजे लोकांचं, काचेच्या नळ्यांतलं,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटांत,
वसमत ते नांदेड, रोज जाऊन येऊन.
डब्याला रबरी पट्टा दोनदा आवळते.
एक नळी फुटली तर पगारातून जाते.
माझ्याभोवती आजवर
एक ओढणी होती. उन्हाळ्यात दोन.

पौषात दिगूअण्णा पडला, आसनेच्या पुलाअलीकडं.
ट्रॉलीतून सांडलेल्या उसावरून चाक गेलं.
डबा शाबूत. चोवीसच्या चोवीस नळ्या शाबूत.
लॅबमध्ये हे तीनदा सांगितलं गेलं.
गळ्याच्या हाडाचं एकदा.

मुजीबभाईंनी टेप माझ्याच हातात दिली
आणि तोंड फिरवून उभे राहिले.
"ताई, अंगासरशी नका घेऊ. फुगल्यावर आत जागा लागती.
नायतर बरगडी गाडीनं नाही, जाकिटानं मोडायची.
चार बोटं सोडा."
बायकांचं माप येतच नाही इकडं.
पुरुषांचं लहान घातलं: खांद्यात ढगळ, छातीत तंग.
पुढच्या मापाचं घातलं: खांदे कुणा दुसऱ्याचेच,
पण चार बोटं बसली.

काळ्यावर डाग दिसत नाहीत.
पोपटी ट्रकवाल्याला लांबून दिसतं.
मे महिन्यात काळं घालणं म्हणजे
तवा पांघरणं.
पोपटी.

किंमत ऐकून मी पाणी मागितलं.
एक भिशी, वर पैंजण.
प्यायले, आणि म्हणाले, फुगवून दाखवा.
"नळी वाया जाईल ताई. बाराशेची आहे."
बाराशे घ्या.
पोत्यातले गहूसुद्धा हात घालून बघतो आपण.

त्यांनी दोरी शटरच्या कडीला अडकवली.
म्हणाले, पळा.
दोनदा पळाले. दोनदा दोरी ताणायच्या आत
पाय आपोआप थांबले.
पडायचं नाही, एवढंच तर शिकवलेलं या अंगाला.
तिसऱ्यांदा डोळे मिटले.

फाट्!
मान, पाठ, बरगड्या,
कुणीतरी मागून येऊन घट्ट धरलं,
न विचारता,
एकही बोट चुकीच्या जागी न लागता.
गल्लीतली पोरं धावत आली. चहावाला ओरडला, फुगेवाली!
मी हसले, खूप हसले.
मग हसणं संपलं तरी जाकीट सोडेना,
आणि चेन काढायची मलाही घाई नव्हती.
हवा हळूहळू उतरत गेली.
मुजीबभाई तेवढा वेळ
आधीच स्वच्छ असलेलं हेल्मेट पुसत राहिले.

आता लॅबसमोर उतरताना कधी विसरते.
दोरी छातीला हिसका देते:
थांब, आधी मला सोड.
हलक्या ओढीनं फुटत नाही, तेवढी समज तिला आहे.
आधी माझी कडी काढते, मग डब्याचा पट्टा.
पूर्वी उलटं असायचं. डबा, आणि मग काहीच नाही.

ती रिकामी नळी भाच्यानं नेली,
ओठाला लावून शिट्टी वाजवतो दिवसभर.

दिगूअण्णा कामावर आलाय. हात अजून वर जात नाही त्याचा.
जाकिटाचं कापड चिमटीत धरून बघतो.
"कामून गं एवढं पोपटी?
कितीला पडलं?"

पडले नाही, म्हणाले. अजून.