बोट गरम करून घ्या

बिबवेवाडीतली आमची बिल्डिंग, बारा फ्लॅट,
आणि सगळ्यांत मिळून एक ऑक्सिमीटर.
शिंगवींनी मार्केट यार्डातल्या ओळखीनं आणलेला.
तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहायचा,
सोबत कापूस, सॅनिटायझर, सुतळीनं बांधलेलं पेन
आणि शंभर पानी वही.
पुठ्ठ्यावर मुजावर भाभींच्या टपोऱ्या अक्षरात :
वापरण्यापूर्वी बोट गरम करून घ्या.

डबा दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची,
आणि दोन पायऱ्या खाली उतरून थांबायचं.
दार उघडलं की भुवईनं विचारायचं, काय?
आतून भुवईनंच उत्तर यायचं.

तीनशे चार, तारू, सकाळी सात : अठ्ठ्याण्णव.
तीनशे चार, तारू, संध्याकाळी सात : अठ्ठ्याण्णव.
असे नऊ दिवस.
खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
सुताचीही चूक न चालवलेला माणूस.
दहाव्या दिवशी तेच पेन, अक्षर मात्र काकूंचं :
शहाऐंशी.

ॲम्ब्युलन्स आली ती सायरन न वाजवता.
भाभींचा फिरोज चालवत होता,
त्याला ठाऊक होतं, आमच्याकडे कुणाचीच झोप लागलेली नाही.
शिंगवी गॅलरीतून ओरडले, पैशांचं बघू नका हो.
काका जिना स्वतःच्या पायांनी उतरले,
मफलर नीट करत, लग्नाला निघाल्यासारखे.
वैकुंठात मुलगा एकटाच होता,
आणि त्याचाही चेहरा दिसत नव्हता, असं फिरोज म्हणाला.

माझी आई चार दिवसांसाठी आलेली, दिवाळीला.
चार दिवसांचे दोन महिने झाले.
मी पतसंस्थेत दिवसभर लोकांच्या ओल्या नोटा मोजायचे,
म्हणून घरात तिच्यापासून लांब.
ती आतल्या खोलीत, मी हॉलमध्ये,
मध्ये उंबरा नाही, पण आम्ही तो पाळायचो.
ताट सरकवायचे. ती म्हणायची,
मांजरालाही असं वाढत नाहीत गं.

शिवाजीनगरला पारा नऊवर आला त्या सकाळी
तिला दोनदा खोकला आला. दोनदाच.
मी डबा मागवला.
तिच्या बोटाला लावला, तर यंत्रावर आकडा नाही,
नुसत्या दोन आडव्या रेघा.
काढला, पुन्हा लावला. रेघाच.
आई मास्कमधून म्हणाली,
बघ, गेलेच वाटतं मी.

मग मी तिचा हात हातात घेतला.
ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.
बोट चोळलं, मनगट चोळलं, नखांवर फुंकर घालणार होते,
आठवलं, आणि थांबले.
तिचंच लक्ष माझ्या हातांकडे गेलं :
साबणानं भेगाळलेले, सांध्यांशी चिरलेले.
अगं काय करून घेतलंस हे, म्हणाली,
आणि कोकमाचं तेल शोधायला उठली,
बोटाला यंत्र तसंच लोंबत.
उठता उठता ते पिवळं पेटलं. शहाण्णव.

संक्रांतीला तीनशे चारमध्ये सण नव्हता.
मुजावरांकडून डाळ गेली, शिंगवींकडून भात,
हळद नको, की चालेल,
यावर जिन्यात बरीच चर्चा झाली, कुणालाच नक्की माहीत नव्हतं.
संध्याकाळी मी वही चाळत होते.
काकूंचा स्वतःचा आकडा कुठेच नाही.
नऊ दिवस नवऱ्याशेजारी झोपलेली बाई,
आणि तिला कुणी विचारलंच नाही.

मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही.
शाल घेतली, डबा घेतला, आणि जिना चढून गेली,
गुडघे धरत, कुणाला न विचारता.

मी नियमाप्रमाणे दोन पायऱ्या खाली, पेन घेऊन.
वर दारात दोन म्हाताऱ्या बसलेल्या,
मध्ये डबा उघडा,
एकीचा हात दुसरीच्या दोन्ही हातांत.
काकू रडत नव्हत्या. गूळ यंदा महाग झालाय, असं काहीसं सांगत होत्या.
बराच वेळ झाला.
काय लिहू, मी खालून विचारलं.
आई म्हणाली, थांब जरा.
अजून गार आहे बोट.