निवडणीची बाई

तासगावच्या शेडमध्ये आठ ते साडेपाच
मी बेदाणा निवडते.
पट्टा सरकत येतो. हिरवा पुढं जाऊ द्यायचा,
काळा पडलेला उचलायचा, देठासकट आलेलाही.
बोलावं लागत नाही, दोन बोटंच बोलतात:
हा नको. हा नको. हाही नको.

दिवसाला किती हजार वेळा म्हणत असेन.
पण सुपरवायझर बाबर कधी म्हणाले नाहीत
की तुझ्या नकोचा अर्थ हो असतो,
लाजून म्हणतेस.
उलट व्यापाऱ्याला सांगतात,
या बाईच्या हातचा माल आहे, डोळे झाकून घ्या.

घरी, पहिल्या वर्षी, मी मोठ्यानं म्हणायची.
मग हळू. मग नुसती पाठ करून.
मग पोरीला मधे घेऊन झोपायला लागले.
त्यानं तिला उचललं, भिंतीकडं ठेवलं,
तिची झोप मोडू नये अशा बेतानं, अलगद.
त्या अलगद हातांचं मला अजून कोडं आहे.
त्याला येत होतं, म्हणजे.

सासूला सांगितलं.
"पीत न्हाई, मारत न्हाई, आणि काय पायजे गं?"
मग गॅसकडं बघत म्हणाली,
"आमाला तर नको म्हणायचं असतंय
हेच ठावं नव्हतं."
दूध उतू गेलं.
दोघींनीही फडकं घेतलं नाही.

काल सरकारी दवाखान्यात गेले, लघवीच्या जळजळीसाठी,
तिसऱ्यांदा.
सिस्टर लोखंड्यांनी पडदा ओढला.
"तुझी इच्छा नसताना होतं का?"
इच्छा.
हा शब्द मी मेलेल्या माणसांच्या बाबतीतच ऐकलेला,
शेवटची, राहिलेली.
मग त्यांनी सोपं केलं:
"नको म्हटल्यावर थांबतो का?"

माझी दोन बोटं उठली
आणि रिकाम्या टेबलावरून
काहीतरी उचलून बाजूला ठेवायला लागली.
एक. अजून एक.
सिस्टर बघत राहिल्या. त्यांना घाई नव्हती,
बाहेर एवढी रांग असून.

"नवऱ्याचं नाव?"
ते एकदाच घेतलं होतं, घास भरवताना, बायकांनी अडवून:
द्राक्षाच्या मांडवात ऊन येतं वाकून,
सयाजीरावांचं नाव घेते सगळ्यांचा मान राखून.
काल दुसऱ्यांदा घेतलं.
सयाजी खाशाबा जमदाडे. राहणार मणेराजुरी.
यमक नव्हतं, राव नव्हतं.
कागदावर त्यासाठी रकानाही नव्हता,
सिस्टरनी समासात लिहिलं, आडवं,
आणि गोळ्यांच्या पाकिटावर एक नंबर.

पाकीट बेदाण्याच्या डब्यात आहे, तळाशी.
नंबर अजून लावलेला नाही.

आज सकाळी पोर म्हणाली, वेणी नको.
शाळेची गाडी हॉर्न देत होती.
सासू म्हणाली, धर तिला.
मी कंगवा खाली ठेवला.