शेरा

रबाळ्याला, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या प्रयोगशाळेत
वासाला मज्जाव आहे.
अत्तर नाही, पावडर नाही. रोज सकाळी
गजरा मी चपलांच्या कपाटावर काढून ठेवते,
आणि एमआयडीसीची हवा
तीन गाळण्यांतून गाळून आत घेतो आम्ही,
कारण यांना नाक नाही, तरी वास बाधतो.

यांना म्हणजे कुणाला?
फॉर्मवर शब्द आहे : नमुना.

रेवती मढवी, राहणार गोठिवली, वय एकतीस.
आजारात दोन्ही अंडाशयं गेलेली.
डाव्या दंडावरून तिळाएवढी कातडी घेतली मी,
बोंबील तळताना तेल उडालेल्या डागाशेजारून.
त्या कातडीला आधी विसरायला लावलं
की ती कातडी आहे.
मग शिकवलं बीज व्हायला. कितीतरी महिने.
शिकली. बहुतेक.
पूर्ण विसरली का, ते तपासायची कसोटी
आमच्याकडे अजून अर्धीच आहे.

सही रेवतीनेच केली, जपून, एकेक अक्षर सुटं काढत.
कातडीपुरती केली.
तिच्यातून पुढे जे होईल
त्याच्या वतीने सही कुणाची,
असा रकाना नाही.

सहावा दिवस. अकरातले चार उरले.
एक भिंगाखाली छान फुगलाय, कडा स्वच्छ. त्याला 'अ'.
दोघांना 'ब'.
चौथा विस्कटलेला, सांडलेल्या साबुदाण्यासारखा. 'क'.
(माझा भाऊ चार वर्षांचा होईतो बोलला नव्हता.
आता ऐरोलीत वीजबिलाच्या खिडकीवर बसतो
आणि लोकांशी तासन्‌तास भांडतो.)

चौदाव्या दिवसाआधी सगळेच थांबवायचे. नियम.
रुजवायचे नाहीत, हे रेवतीला दोनदा सांगितलंय,
एकदा लेखी.
तरी गुरुवारी फोन येतोच,
मागे कोंबड्या, पाण्याची मोटर :
"कशी हायेत गो?"

एक चांगला आहे, म्हणते मी.
चांगला म्हणजे भिंगाला चांगला,
हे सांगायचं राहून जातं.

"न् बाकीची?"

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
'क'च्या पुढे पेन टेकवून बसले
तर शाईचा ठिपकाच वाढत गेला.
बाहेर गजरा तांबूस पडला असेल एव्हाना.

लिहिलं : वाढ सावकाश.
खोडलं.
परत लिहिलं, आणि त्याखाली, कुणी विचारलं नव्हतं तरी,
उद्या पुन्हा पाहणे.